वाकडा मांडव

निरोप घेऊन आलेला माणूस पायरीच्या खालीच उभा राहिला, तेव्हाच मला समजायला हवं होतं. नांद्याहून रोज सायकलीला किटल्या बांधून खडकीपर्यंत दूध घालायला येणारा हा आमच्या सासरच्या बाजूचा माणूस. एरवी सायकल भिंतीला टेकवली की आधी तांब्याभर पाणी मागणार आणि मग चहा होईपर्यंत गावातल्या चार गोष्टी सांगणार. त्या दिवशी खालूनच म्हणाला, "वहिनी, घोटावड्याला बोलावलंय. आक्का जरा जास्त हायेत." मी चहा टाकते म्हटलं. नको म्हणाला. पाणी तरी घे म्हटलं, तर किटलीच्या कडीशी चाळा करत राहिला आणि पाणीही नको म्हणाला... आमच्याकडे मरणाची बातमी सरळ सांगत नाहीत. 'जास्त आहे' एवढंच म्हणायचं, आणि ऐकणाऱ्यानं वाटेत जाता जाता आपल्या मनाशी काय ते समजून घ्यायचं. पण अशी बातमी आणणाऱ्यानं त्या घरचं पाणी प्यायचं नाही, हाही तिकडचाच रिवाज. भर उन्हात नांद्याहून सायकल मारत आलेला माणूस पाणी नको म्हणाला, आणि माझ्या थोरल्या जाऊबाई, चंद्राआक्का, गेल्या हे मला कळलं.

पौडच्या एसटीत खिडकीशी बसले तेव्हा पहिला विचार मनात आला तो असा, की हे आक्कांना सांगायला हवं. त्या खुश झाल्या असत्या. "बघ," म्हणाल्या असत्या, "तोंड खोटं बोलतंय, पर घसा न्हाई बोलत." माणसं काय बोलतात याकडे त्यांचं लक्ष कमी असायचं. बोलताना हात कुठे आहे, पाय उंबऱ्याच्या आत आहे की बाहेर, चहा लगेच उचलला की निववत ठेवला, यावर त्यांची नजर असे. हल्ली या सगळ्याला मानसशास्त्र म्हणतात आणि त्यावर व्याख्यानं होतात. आक्कांना तो शब्द माहीत नव्हता. त्या म्हणायच्या, "माणसाला हाताळाय यावं लागतं. तापलेला तवा उचलायचा तर चिंधी घ्यावी लागती का न्हाई? तसंच हाय ते."

मी लग्न होऊन घोटावड्याला गेले ती छप्पन-सत्तावनच्या सुमारास. माहेर खडकीचं. वडील कारखान्यात, घरात नळ, सकाळी भोंग्यावर चालणारं आयुष्य. आणि इथे मुळेच्या काठची भातखाचरं, शेणाची जमीन, आणि चुलीपुढे बसलं की दोन्ही डोळ्यांतून पाणी. मी सरळ फुगून बसले. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, तोंडाने फटकळ. त्या काही बोलल्या असत्या तर मी दुसऱ्या दिवशी ट्रंक उचलली असती. आक्कांनी त्यांना बोलू दिलं नाही आणि स्वतःही काही बोलल्या नाहीत. एका सकाळी परातीत पीठ घेऊन माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "लीले, तुज्या आईसारखी घडीची चपाती मला काय जमत न्हाई बघ. आमी भाकरीची माणसं. शिकवतीस का?" मी मोठ्या तोऱ्यात उठले. घडी कशी घालायची, तेल किती, पीठ कुठे भुरभुरायचं, सगळं दाखवलं. आक्का मुद्दाम चुकत होत्या, मी दुरुस्त करत होते. दुसऱ्या दिवसापासून मी स्वयंपाकघरातली झाले, आणि झाले कधी ते मला कळलंही नाही. पुढे एका सणाला आक्का एकट्या चपात्या लाटताना पाहिल्या. हात असा चालत होता की जन्मभर दुसरं काही केलं नसावं. माझ्याकडे बघून फक्त हसल्या.

आक्का कोळवणच्या बाजूच्या. दुसरीपर्यंत शिकलेल्या, अंगाने थोराड, आवाज मात्र लहान. घरात कारभार मामंजींचा, म्हणजे सासऱ्यांचा. तोंड आत्याबाईंचं. पण घर चालायचं ते आक्कांच्या मनाप्रमाणे, आणि ते कुणाच्या ध्यानातही यायचं नाही. आत्याबाईंना कधी "आज काय करू?" असं त्या विचारत नसत, कारण त्याचं उत्तर कधीच धड मिळालं नसतं. त्या विचारायच्या, "पिठलं करू का आमटी?" आत्याबाई दोन्हींवर टीका करून एक निवडायच्या, आणि निवडलेलं म्हणून मुकाट्याने जेवायच्या. कुणी भांडायला तावातावाने दारात आला, की आक्का आधी घोंगडी अंथरून त्याला बसवायच्या आणि हातात चहाची बशी द्यायच्या... कपात नव्हे, बशीच, तीही काठोकाठ आणि कढत. बशी सांभाळत, फुंकर घालत बसलेल्या माणसाला ओरडता येत नाही. नदीवर दोन बायकांची जुंपली, तर का भांडता म्हणून आक्का विचारत नसत. आपली भिजलेली गोधडी पुढे करायच्या आणि म्हणायच्या, "जरा दोघी पिळून द्या गं, माझा खांदा धरलाय." गोधडी पिळायची तर एकीनं उजवीकडे आणि दुसरीनं डावीकडे पीळ द्यावा लागतो आणि एकमेकींच्या हाताकडे बघावं लागतं. पाणी निथळेपर्यंत निम्मं भांडण निथळून जायचं. उरलेलं त्या दोघी परस्पर मिटवायच्या.

सगळीकडे हे चालायचं असंही नाही. लावणीच्या दिवसांत डोंगराकडच्या वाडीवरून बायका कामाला यायच्या, त्यांत ठकी नावाची एक होती. काळी, काटक, कमी बोलणारी. ढग भरून आले होते आणि आक्कांना या बायकांनी त्या दिवशी जास्त वेळ थांबून खाचर पुरं करावं असं हवं होतं. आक्का तिच्याशेजारी चिखलात उतरल्या, तिच्या हाताचं कौतुक केलं, दुसऱ्या वाडीच्या बायकांचं उगाच नाव काढलं, एवढं खाचर आजच्या आज होणं कठीणच आहे असं दोनदा म्हणून पाहिलं. ठकी रोपं लावत राहिली. मग कंबर सरळ करून म्हणाली, "बाय, घुमवून कशापायी बोलतीस? ऱ्हा म्हन, म्हंजे ऱ्हातो आमी." आक्का पोट धरून हसल्या. दिवसभर मध्येच आठवून हसत होत्या. रात्रीच्या भाकऱ्या करताना म्हणाल्या, "जिला नाक मिरवायचं नसतं, तिला सरळ सांगावं. मी उगीच दमले."

मला हे सगळं लबाडीचं वाटायचं, हेही लिहायला हवं. मी सरळ बोलणारी. मनात एक आणि ओठावर दुसरं हे मला जमत नाही आणि दुसऱ्यांनी केलेलं आवडत नाही. एकदा मी तसं तोंडावर म्हटलंही. आक्का तांदूळ निवडत होत्या ते सूप खाली ठेवून म्हणाल्या, "लबाडी म्हंजे दुसऱ्याचं काढून घेनं. मी कुनाचं काय काढून घेतलं, सांग." मला ते पटलं नाही. ज्याला कळत नाही त्याला आपण फिरवतो, म्हणजे त्याला आपण आपल्यापेक्षा कमी समजतो, असं माझं म्हणणं होतं, आणि ते मी पुष्कळ वर्षं धरून होते.

आता तात्यांबद्दल सांगायला हवं. तात्या म्हणजे मामंजींचे थोरले चुलतभाऊ. घर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, शेत आमच्या घरावरून पुढे नदीकडे. पंचक्रोशीत मांडव घालावा तो तात्यांनीच. मेढी, म्हणजे मांडवाचे खांब, किती खोल रोवायच्या, वासे कुठे आवळायचे, डहाळे कसे टाकायचे म्हणजे दुपारचं ऊन पंगतीवर येत नाही, हे सगळं त्यांच्या नजरेत होतं, आणि त्या नजरेचा त्यांना गर्वही होता. पण माझ्या लग्नापासून तात्यांचं आणि आमच्या घराचं बोलणं बंद होतं. कारण ऐकलं तर शहरातला माणूस हसेल. लग्नाचं आवतन गावकीला न्हावी देतो, पण भावकीला मात्र घरच्या माणसानं अक्षता घेऊन स्वतः जायचं, असा तिकडचा नेम. माझ्या लग्नात न्हावी आवतन देत गल्लीतून निघाला. तात्यांचं घर मध्येच लागलं, ते वगळून पुढे जाणं त्या भल्या माणसाला बरं दिसेना, म्हणून त्यानं तिथेही अक्षता दिल्या. इकडे मामंजींनी ऐकलं की तात्यांकडे आवतन पोचलं, आणि त्या गडबडीत घरचं कुणी गेलंच नाही. तात्यांनी त्या अक्षता देव्हाऱ्यात ठेवल्या आणि विचारलं, "मी भावकी का गावकी?" लग्नाला ते आले नाहीत. त्यानंतर दारावरून रोज जायचे, पण मान वळवून बघायचे नाहीत.

मामंजी म्हणायचे, "आवतन गेलं व्हतं. माझं काय चुकलं?" तात्या म्हणायचे, मी मेलो तरी त्या घरची पायरी चढणार नाही. दोघेही एकाच आजोबांचे नातू, आणि अडून बसण्यात कुणी कुणाला हार जाणारं नव्हतं. वर्षं गेली. मग आक्कांची मुलगी हिरा लग्नाची झाली, आणि ही गंमत राहिली नाही. एक ठिकाण ठरत आलेलं मोडलं. त्या लोकांनी कारण दिलं नाही, पण गावाला ठाऊक होतं... ज्या घरात भावकी पाऊल टाकत नाही तिथली मुलगी करायची म्हणजे काहीतरी पाणी मुरत असणार, असं लोक धरून चालतात. दुसरं स्थळ माणचं आलं. मुलगा चांगला, घर चांगलं, हिरालाही मनापासून पसंत. बैठकीत मुलाच्या चुलत्यांनी स्पष्टच सांगितलं, "पोरगी आमाला पसंत हाय. पर तुमच्या मांडवात तुमचीच भावकी नसंल, तर आमी कुनाच्या तोंडाकडं बघायचं? तात्या मांडवात उभं ऱ्हायलं तर लगीन. न्हाईतर रामराम." हेही मोडलं तर तिसरं येणार नव्हतं. दोनदा मोडलेल्या मुलीबद्दल लोक काय बोलतात ते हिरालाही कळत होतं. ती त्या दिवसांत जेवायला बसायची आणि भात चिवडून उठायची. मला तिच्याकडे बघवत नसे.

गावातली दोन वजनदार माणसं तात्यांकडे जाऊन आली. तात्यांनी त्यांना चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं. थोरले दीर, म्हणजे हिराचे वडील, स्वभावाने गरीब, ते जाऊन बांधावर हात जोडून आले. तरी नाही. सगळे आक्कांना म्हणायला लागले, आता तू जा, लेकीला घेऊन जा आणि पाया पड. मीही म्हटलं. आक्का म्हणाल्या, "पाया पडलं की त्यांना न्हाई म्हनायला लई सोपं. आता सवयच लागलीया त्यांना न्हाई म्हनायची. ज्याला न्हाई म्हनता येतंय असं कायबी त्यांना इचारायचंच न्हाई." मग विचारायचं तरी काय, म्हटलं. "कायबी न्हाई इचारायचं," त्या म्हणाल्या आणि मामंजींना सांगून टाकलं की तात्यांचं मी बघते, तुम्ही माणच्या लोकांना होकार कळवा आणि पुण्याला जाऊन बस्ता बांधून या. मामंजी चकित झाले. पण आक्कांनी आजवर न झेपणारं काही अंगावर घेतलं नव्हतं, म्हणून मामंजी आणि थोरले दीर कापडं घ्यायला पुण्याला गेले, आणि बाकीची खरेदी म्हणून खडकीला माझ्या माहेरी मुक्कामाला राहिले. तेवढ्या वेळात आक्कांनी अंगणात मांडव घातला.

तसला मांडव मी जन्मात पाहिला नाही. किसन नावाचा एक गडी कामाला होता, त्याला आक्का ओट्यावरून सांगत होत्या आणि तो पुन्हापुन्हा त्यांच्या तोंडाकडे बघत होता. मेढी एका रेषेत नाहीत. रस्त्याकडची बाजू इतकी खाली, की फेटा बांधलेला माणूस वाकल्याशिवाय आत येणार नाही. वासे एकीकडे कललेले, डहाळे उलटे. मुहूर्तमेढ खरं तर सगळ्यांत आधी रोवायची आणि तिला भावकीतल्या थोरल्या माणसाचा हात लागायचा, तर तिची जागा नुसताच खड्डा खणून मोकळी. आमचे हे शेतावरून आले आणि दारातच थबकले. "वहिनी, मांडव हाय का गुरांचा गोठा?" आक्का म्हणाल्या, "बाईमानसाला काय कळतंय त्यातलं, भाऊजी? जमला तसा घातलाय." ह्यांनी उतरवायला हात घातला तर त्यांना म्हणाल्या, ऱ्हाऊ द्या, मामंजी आल्यावर बघू. संध्याकाळपर्यंत सगळं गाव हसत होतं. बायका मुद्दाम आमच्या दारावरून पाण्याला जायला लागल्या. एक जण म्हणाली, आईचंच मन नाही वाटतं लेकीच्या लग्नात. आक्का खाली मान घालून अंगण सारवत होत्या. माणच्या कुणी त्या दिवशी वाट वाकडी करून तो मांडव पाहिला असता तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनात येत होता. त्यांच्या मनात आला नसेल असं होणार नाही.

तात्या सकाळी शेतावर जाताना नेहमीसारखे मान न वळवता गेले. पण चार पावलं पुढे जाऊन थांबले, आणि मग पुन्हा चालू लागले. परतताना त्यांनी तंबाखू मळायला आमच्याच कुंपणाशी उभं राहायचं कारण काढलं. मी स्वयंपाकघराच्या झरोक्यातून बघत होते. हात तंबाखूवर, डोळे मांडवावर. ओठ हलत होते. दुसऱ्या दिवशीही तेच, फक्त जास्त वेळ. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खांद्यावरची घोंगडी कुंपणावर टाकली आणि ओरडले, "अरं, कुनी घातला ह्यो मांडव? नवरदेवाला काय रांगत आनायचा हाय?" आक्कांनी पदर सावरला, पण पुढे झाल्या नाहीत. पाया पडल्या नाहीत, या म्हणाल्या नाहीत. फक्त कोपऱ्यातली पहार आणून कुंपणाच्या आत उभी केली आणि आत निघून गेल्या. तात्यांनी धोतर खोचलं. थोड्या वेळात किसनला शिव्या देण्याचा आवाज यायला लागला, आणि मला हिरा दिसली... ती चुलीपाशी बसून तोंडावर पदर दाबून रडत होती.

मामंजी आणि थोरले दीर दुपारच्या एसटीने आले. डोक्यावर बस्त्याचं गाठोडं घेऊन मामंजी अंगणात शिरले तर समोर तात्या, मांडवाच्या वाशावर बसलेले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मामंजींचा स्वभाव मला ठाऊक होता. ते आता नक्की काहीतरी बोलणार, आणि जे बोलणार ते सगळ्याचा विचका करणार. तोंड उघडलंच होतं त्यांनी. तेवढ्यात आक्कांनी त्यांच्या डोक्यावरचं गाठोडं उतरवून घेतलं आणि हातात सुंभाचं टोक दिलं. "मामंजी, एवढं धरा जरा. तात्या एकटंच हायेत वर." मामंजींनी धरलं. वरून तात्या म्हणाले, "वड." खालून मामंजी म्हणाले, "वडतोय की." "आजून वड. जीव न्हाई व्हय हातात?" इतक्या वर्षांनी दोघा भावांमध्ये झालेलं बोलणं ते एवढंच. संध्याकाळी तात्यांनी मुहूर्तमेढ आपल्या हातानं रोवली. हिराचं लग्न झालं, माणचे लोक तात्यांच्या पाया पडून गेले, आणि हिरा आज तिथे तिच्या संसारात सुखी आहे.

त्यानंतर आम्ही दोघं ह्यांच्या नोकरीसाठी खडकीला आलो. या मांडवाची गोष्ट मी शेजारणींना कितीदा सांगितली असेल. आक्कांनी त्या म्हाताऱ्याला कसं बरोबर गुंडाळलं, असंच मी सांगायची, आणि शेजारणी हसून दाद द्यायच्या. मला आक्कांबद्दल कौतुक होतं. माया होती. पण मनाच्या तळाशी ते जुनं म्हणणंही होतं, की ही बाई आपल्या सगळ्यांना खेळवते, आणि आपण खेळतो.

आक्का काविळीने गेल्या. झाडपाल्याचं औषध चालू होतं आणि मग उशीर झाला. मी पोचले तेव्हा सगळं आटोपत आलं होतं. पुढचे दिवस मी तिथेच राहिले. मला वाटलं होतं तसं रडू आलं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांचं ऐकत बसले होते. प्रत्येक जण सांगत होता की आक्का मलाच विचारून सगळं करायची, माझ्याशिवाय तिचं पान हलत नव्हतं. पाच-सहा जणांनी हे सांगितल्यावर मला हसूही आलं, आणि मग थोडं वाईट वाटलं, कारण मीही तसंच समजत होते.

तेराव्याला गोडाचं जेवण होतं. पंगत ओट्यावर आणि पडवीत बसली. तात्या आता पुष्कळ थकलेत, काठीशिवाय चालत नाहीत. त्यांनी आपली पत्रावळ उचलली आणि अंगणाच्या रस्त्याकडच्या कोपऱ्यात जाऊन उन्हातच बसले. मी वाढायला गेले. उन्हामुळे की कशामुळे त्यांचे डोळे भरले होते. त्यांना जरा बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "तात्या, हिराच्या लग्नातला मांडव आठवतो का?"

"आठवतोय की. वाकडा व्हता."

"तो मुद्दाम..." मी म्हटलं आणि थांबले. इतक्या वर्षांनी म्हाताऱ्या माणसाला हे सांगावं की नाही, मला कळेना.

"मुद्दामच घातला व्हता," तात्या म्हणाले. "मला काय ठावं न्हाई व्हय? किसन माज्या हाताखाली शिकल्याला गडी. त्यो आसला मांडव घालील? पयल्या दिशीच कळलं मला."

मी वाडगं खाली ठेवलं. मग तुम्हाला राग नाही आला, असं विचारलं.

"आला की. दोन दीस रागातच व्हतो. मंग बघितलं, समदं गाव त्या बाईला हासतंय, अन् ती खाली मान घालून सारवतीया. माज्यासाटनं गावाकडनं हासून घेतीया. पाया पडाय आली असती तर मी दार लावून घेतलं असतं. पर ह्याच्यावर काय करायचं मानसानं? आपल्यालाबी यायचंच व्हतं गं. वाट न्हवती." तात्यांनी नाक पुसलं. "तरी म्हनलं, हिला कळू द्यावं की मला कळलंय. समदा मांडव सरळ केला, अन् ह्या कोपऱ्यातली येक मेढ तशीच ठिवली. वाकडी."

"मग? कळलं त्यांना?"

"पंगतीला पानं तीच मांडत व्हती. समद्यांची मांडली. अन् माजं आनून मांडलं त्या मेढीच्या बुडाशी. हितं." त्यांनी शेजारच्या जमिनीवर हात टेकवला. "काय बोलली न्हाई. मीबी न्हाई बोललो. तवापासनं या घरात जेवलो ते हितंच."

माझ्या डोळ्यांना पाणी आलं ते तेव्हा, त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा. आक्कांनी कुणालाच कमी समजलं नव्हतं. ज्याला आपण गुंडाळतोय त्याला ते कळेल, आणि कळूनही तो येईल, एवढी त्यांना त्या म्हाताऱ्याची खात्री होती. ती खात्री मला कधीच कुणाबद्दल वाटली नव्हती.

हिरा पाण्याचा तांब्या घेऊन आली. "तात्या, उन्हात कशापायी बसलाय? चला, वट्यावर पान मांडते," म्हणाली आणि त्यांच्या काखेत हात घालून उठवायला लागली. मी तिला म्हटलं, राहू दे गं हिरा, तिथेच बसू दे त्यांना. तिला काही समजलं नाही. मी खाली वाकून तात्यांच्या पानावर भात वाढला, आणि ते जेवेपर्यंत तिथेच, उन्हात, त्यांच्याशेजारी बसून राहिले.